एमपीथ्री परत परत सेव्ह केली की आवाजाची वाट का लागते, आणि ते टाळायचं कसं

आधी माझाच गाढवपणा सांगतो. आजीच्या तोंडून जुन्या आठवणी ऐकून घेतल्या होत्या, साधारण ४० मिनिटांचं रेकॉर्डिंग, फोनवरच, अ‍ॅपचं सेटिंग एमपीथ्री १२८ वर होतं (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट, ह्या आकड्याला बिटरेट म्हणतात) ते मी बघितलंसुद्धा नाही. पहिल्या दिवशी सुरुवातीची खाटखुट कापली आणि सेव्ह. दुसऱ्या दिवशी मधला खोकला काढला, सेव्ह. मग आवाज थोडा वाढवला, सेव्ह. मग घरातलं कोणीतरी म्हणालं की पंखा फार ऐकू येतोय म्हणून नॉइज रिडक्शन मारलं आणि परत सेव्ह, आणि हे सगळं त्याच फाइलवर त्याच नावाने, का तर फोल्डरमध्ये पसारा नको. असं सात-आठ वेळा झाल्यावर एकदा हेडफोन लावून ऐकलं तर आजी बादलीत तोंड घालून बोलतेय असं वाटायला लागलं, "स" आणि "श" आला की मागे बारीक चिवचिव. मूळ फाइल कुठेय? ती मीच दर वेळी ओव्हरराइट करून पुसलेली.

त्यानंतर ह्या विषयात बराच वेळ घातला, आणि लक्षात आलं की बहुतेकांचे दोन गैरसमज असतात. अर्ध्या लोकांना वाटतं की डिजिटल आहे म्हणजे काही बिघडतच नाही. उरलेल्या अर्ध्यांना वाटतं की फाइल कॉपी केली, फॉरवर्ड केली, जुनी झाली की क्वालिटी जाते. दोन्ही चूक.

कशाने काहीच बिघडत नाही ते आधी बघू, म्हणजे उगाच घाबरायला नको. फाइल पेन ड्राइव्हवर टाकली, क्लाउडवर चढवली, झिप केली, नाव बदललं, हजार वेळा वाजवली, आवाजाला ओरखडाही उठत नाही. एमपीथ्री म्हणजे कॅसेट नाही, ती वाजवून झिजत नाही. गाण्याचं नाव, कलाकार, कव्हरचा फोटो वगैरे टॅग बदलले तरी काही होत नाही, कारण टॅग फाइलच्या सुरुवातीला किंवा शेवटी वेगळे बसलेले असतात, आवाजाच्या डेटाला हातही लागत नाही. आणि उलटं पण लक्षात ठेवा, डॉट एमपीथ्री खोडून डॉट वेव्ह असं नाव दिलं म्हणून ती वेव्ह, म्हणजे न आवळलेल्या आवाजाची फाइल, होत नाही, नुसती पाटी बदलली, दुकान तेच.

बिघडतं कधी, तर एन्कोड होताना, म्हणजे आवाज आवळून एमपीथ्रीत बसवताना. तुम्ही एमपीथ्री एडिटरमध्ये उघडता तेव्हा एडिटर ती आधी पूर्ण उलगडतो, म्हणजे डिकोड करतो, आणि तुमचं काम झाल्यावर एक्सपोर्ट म्हणालात की सगळं नव्याने एन्कोड करतो. ४० मिनिटांतले फक्त दोन सेकंद कापले असले तरी उरलेली सगळी मिनिटं परत त्याच चरकातून जातात. इथेच माझं फसलं. मला वाटायचं जेवढं कापलं तेवढंच बदललं.

एमपीथ्री नक्की काय फेकून देते

सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे लाटेची मापं, प्रत्येक नमुना १६ बिटचा, डावा-उजवा मिळून दोन चॅनल. गुणाकार केला की सेकंदाला १,४११ किलोबिट येतात, म्हणजे मिनिटाला दहा एमबीच्या थोडं वर. १२८ ची एमपीथ्री म्हणजे त्याचा साधारण अकरावा हिस्सा. मग उरलेले दहा हिस्से गेले कुठे?

थोडे हुशारीने आवळले जातात, पण बराचसा माल खरोखर फेकून दिला जातो. मिक्सर चालू असताना भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही, टिकटिक होत असते पण कानाला पत्ता लागत नाही. ह्याला मास्किंग म्हणतात आणि एमपीथ्रीचा सगळा खेळ ह्यावर आहे. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या लोकांचा ह्यात मोठा वाटा, १९९३ मध्ये ते स्टँडर्ड म्हणून छापून आलं आणि डॉट एमपीथ्री हे शेपूट १९९५ मध्ये ठरलं. एन्कोडर आवाजाचे ११५२ नमुन्यांचे तुकडे पाडतो, त्याला फ्रेम म्हणतात, सीडीच्या वेगाने एक फ्रेम म्हणजे साधारण २६ मिलिसेकंद. त्या तुकड्यात कोणकोणत्या फ्रिक्वेन्सी किती जोरात आहेत ते मोजतो आणि मग ठरवतो की कुठले आकडे नीट जपायचे आणि कुठले ढोबळ केले तरी चालतील. ढोबळ केल्याने खरखर तयार होतेच, फक्त ती मोठ्या आवाजाच्या आड लपवलेली असते. म्हणजे कचरा केरात टाकला नाहीये, सतरंजीखाली ढकललाय. ही सतरंजी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जाता जाता, कॉम्प्रेशन ह्या शब्दाने फार घोळ होतो. स्टुडिओवाले "व्होकलला कॉम्प्रेशन लाव" म्हणतात ते वेगळं, त्यात मोठा आवाज दाबून हळू आणि मोठ्यातलं अंतर कमी करतात, फाइलच्या साइजशी त्याचा संबंध नाही. आपण इथे साइज आवळण्याबद्दल बोलतोय. आणि त्यातही दोन जाती. एक लॉसी, म्हणजे एमपीथ्री, एएसी, व्हॉर्बिस, ओपस, ह्यात माल जातो तो कायमचा. दुसरी लॉसलेस, म्हणजे फ्लॅक, अलॅक, ह्यात झिपसारखं फक्त घट्ट बांधलं जातं आणि सोडलं की बिट न बिट तसंच. फ्लॅक बहुतेक संगीतात वेव्हच्या अर्ध्या ते सत्तर टक्क्यांत बसते. फ्लॅकला शून्य ते आठ अशा लेव्हल असतात त्याचा क्वालिटीशी काही संबंध नाही, आठ म्हणजे कॉम्प्युटरने जास्त डोकं चालवून साइज जरा कमी केली एवढंच. हे मला कितीतरी वेळा लोकांना समजावून सांगावं लागलंय.

दुसऱ्यांदा सेव्ह केल्यावर जास्त का बिघडतं

ह्याला आकड्यांचं उदाहरण घेऊ, खऱ्या एन्कोडरमध्ये प्रकरण बरंच गुंतागुंतीचं असतं पण मुद्दा हाच. समजा मूळ आकडा ३३ आहे. पहिल्या वेळी जवळच्या पाचाच्या पटीत बसवला, झाला ३५. दुसऱ्या वेळी नवाच्या पटीत, झाला ३६. तिसऱ्या वेळी दहाच्या पटीत, झाला ४०. आता बघा, ३३ ला थेट दहाच्या पटीत बसवलं असतं तर ३० आलं असतं, चूक तीनची. फिरत फिरत आलो तर ४०, चूक सातची. आणि ४० वरून परत ३३ काढायचा रस्ता नाही, कारण मूळ काय होतं हे कुठेच लिहिलेलं नाही.

आता कोणी म्हणेल की दर वेळी पाचाचीच पट धरली, म्हणजे तोच एन्कोडर तेच सेटिंग, तर ३५ चा ३५च राहील ना. विचार बरोबर आहे पण प्रत्यक्षात तसं होत नाही, कारण फ्रेमच्या रेषा सरकतात. लेम हा सगळ्यात जास्त वापरला जाणारा एमपीथ्री एन्कोडर सुरुवातीला ५७६ नमुन्यांची शांतता घालतो, डिकोडर त्याचा ५२९ चा उशीर लावतो, मिळून ११०५ नमुने, म्हणजे २५ मिलिसेकंद. फ्रेम आहे ११५२ ची. म्हणजे दुसऱ्या फेरीत नवीन फ्रेम जुन्या फ्रेमच्या रेषेवर बसतच नाही, तुकडे वेगळ्या ठिकाणी पडतात, आकडे वेगळे येतात आणि परत ढोबळ होतात. काही प्रोग्रॅम फाइलमधली नोंद वाचून ही शांतता कापून टाकतात, ते चांगलंच, पण तुम्ही मधला खोकला कापलात की तिथून पुढचं सगळं सरकलंच की. ही शांतता न कापणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दहा वेळा सेव्ह केलंत तर गाण्याच्या आधी पाव सेकंद रिकामा जमा होतो, लूप वाजवणाऱ्यांना हा धक्का चांगला माहीत असतो.

कोडेक, म्हणजे आवळायची पद्धतच, बदलला तर आणखीच. एएसीची फ्रेम १०२४ नमुन्यांची, ओपस सहसा २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतं आणि आतून ४८ किलोहर्ट्झवर चालतं, प्रत्येकाची कात्री वेगळी आणि काय ऐकू येत नाही ह्याबद्दलचं मतही वेगळं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या एन्कोडरला हे माहीतच नसतं की समोर आलेल्यातलं गाणं कुठलं आणि पहिल्याने केलेली खरखर कुठली. त्याच्या लेखी सगळंच गाणं. मग तो बिचारा आपले मोजके बिट आधीच्याचा कचरा इमानदारीने जपण्यात खर्च करतो आणि त्यावर स्वतःचा नवीन कचरा घालतो.

१२८ ची ३२० केली की?

साइज वाढते. बस. चार मिनिटांचं गाणं १२८ ला ३.८ एमबी, ३२० ला ९.६ एमबी, वेव्ह करून ठेवलंत तर ४२ एमबी, आणि तिन्हीत आवाज तोच १२८ चा, मधल्यात तर एक फेरी जास्त झाल्यामुळे किंचित वाईटच. फोटोकॉपीची फोटोकॉपी महागड्या जाड कागदावर काढली म्हणून अक्षर परत ठळक होत नाही.

ह्यातूनच नकली फ्लॅकचा धंदा होतो. कोणीतरी एमपीथ्रीची फ्लॅक करतो, पुढचा ती लॉसलेस म्हणून मिरवतो. ओळखायचं असेल तर स्पेकसारखा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठली फ्रिक्वेन्सी किती जोरात आहे ते रंगांत मांडलेलं चित्र, दाखवणारा प्रोग्रॅम घ्या आणि फाइल त्यात टाका. सीडीवरून आलेल्या आवाजात रंग २२ किलोहर्ट्झच्या जवळ जाऊ शकतात, १२८ च्या एमपीथ्रीत साधारण १६-१७ च्या वर एकदम काळं, सुरीने कापल्यासारखं, ३२० मध्ये ती रेघ २० च्या आसपास. पण ह्यावर डोळे झाकून निकाल देऊ नका. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये वर काही नसतंच, आणि बऱ्याच मोठ्या माणसांना १६ च्या वरचं तसंही ऐकू येत नाही. कापलेली रेघ हा फक्त पुरावा आहे, खरं नुकसान रेघेच्या खाली झालेलं असतं जिथे आपले कान सगळ्यात तेज असतात.

स्वतः करून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे

वाचून पटणार नाही म्हणून हे कराच. ऑडॅसिटी हा आवाजाचा एडिटर फुकट मिळतो, तो घ्या. एक मिनिटभराची वेव्ह फाइल घ्या ज्यात टाळ्या, झांज किंवा बोलणं असेल, गुळगुळीत बासरी नको कारण तिथे काही कळायचं नाही. ती एमपीथ्री १२८ मध्ये एक्सपोर्ट करा, नाव द्या एक. आता प्रोजेक्ट बंद करा. हे विसरू नका, कारण तोच प्रोजेक्ट उघडा ठेवून दहा वेळा एक्सपोर्ट केलंत तर त्या दहाही फाइल पहिल्या पिढीच्याच होतात, प्रोजेक्टच्या पोटात मूळ आवाज तसाच असतो. तर बंद करा, एक नंबरची फाइल उघडा, तिच्यात सुरुवातीचा अगदी छोटा तुकडा कापा, एक्सपोर्ट करा, नाव दोन. परत बंद. असं दहापर्यंत.

मग एक आणि दहा आलटून पालटून ऐका, हेडफोनवर. टाळी वाजायच्या किंचित आधी "फ्स्स" असा सुस्कारा येतो का बघा, ह्याला प्री-एको म्हणतात, एन्कोडरने केलेली खरखर त्याच्या अख्ख्या तुकड्यात पसरते आणि टाळी तुकड्याच्या मध्यावर असली की तिच्या आधीच्या शांततेत ती उघडी पडते. झांजेचा आवाज धातूचा राहत नाही, पाणी हलवल्यासारखा खळखळतो. "स, श, च" फाटतात. लांबवर असल्यासारखी जी खोली जाणवते, हॉलचा घुमारा, तो चपटा होतो. एकदा हे कानात बसलं की मग सगळीकडे ऐकू यायला लागतं, ह्याबद्दल आधीच सॉरी.

आता हाच प्रयोग फ्लॅकवर करा, फक्त मधे काही कापू नका. दहावी फ्लॅक आणि मूळ वेव्ह दोन ट्रॅकवर ठेवा, एकावर इन्व्हर्ट मारा, म्हणजे त्याची लाट उलटी करा, आणि एकत्र वाजवा. दोघे एकमेकांना तंतोतंत खातात, संपूर्ण शांतता. बारीकशी सळसळ उरलीच तर एक्सपोर्टचं डिदर, म्हणजे बिट कमी करताना मुद्दाम मिसळलेली बारीक खरखर, चालू असेल, ते प्रेफरन्सेसमध्ये जाऊन बंद करा, बिट डेप्थ मूळ फाइलचीच ठेवा आणि परत करा.

एमपीथ्रीवर हीच वजाबाकी केली की जे उरतं ते फार भयानक वाटतं, भुतं कुजबुजतायत असं, आणि लोक ते ऐकवून म्हणतात बघा किती माल गेला. थोडं थांबा. एक तर दोन्ही ट्रॅक नमुन्यापर्यंत जुळवले नसतील तर वजाबाकीच चुकीची, नुसत्या सरकण्यानेही ढीगभर आवाज उरतो. दुसरं म्हणजे तो उरलेला आवाज गाण्याच्या आड झाकलेला असतो, एकटा काढून ऐकवला तर कोणाचाही मोठाच वाटेल. म्हणून खरी परीक्षा म्हणजे आंधळी तुलना. फूबार ह्या प्लेअरमध्ये त्यासाठी एबीएक्स नावाचा जोडभाग मिळतो, तो न सांगता अ किंवा ब वाजवतो आणि तुम्ही ओळखायचं. १६ वेळा करा, १२ किंवा जास्त बरोबर आले तर तुम्हाला खरंच फरक कळतोय, कारण नुसत्या अंदाजाने तेवढे बरोबर यायची शक्यता चार टक्क्यांच्या आत आहे. मी १२८ ला सहज पास होतो. एकदाच केलेल्या, चांगल्या ३२० ला माझी दांडी गुल होते, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

म्हणजे बघा, एकदा केलेली चांगली एमपीथ्री वाईट नसते. वाईट असते ती पाचवी फेरी.

मग काम करायचं कसं

रेकॉर्ड करतानाच वेव्ह किंवा फ्लॅक निवडा. फोनच्या अ‍ॅपमध्ये हे सेटिंग बहुतेक वेळा "क्वालिटी" किंवा "फॉरमॅट" च्या आत दडवलेलं असतं, हाय असं लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, आत जाऊन बघा. २४ बिट मिळत असेल तर घ्या, एका बिटला साधारण ६ डेसिबल ह्या हिशोबाने १६ बिटला ९६ आणि २४ ला १४४ डेसिबल जागा मिळते, म्हणजे लेव्हल थोडी कमी ठेवून निवांत रेकॉर्ड करता येतं, मीटर लालला भिडवायची गरज नाही. सगळ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधे कुठेतरी आला की झालं, शून्य म्हणजे फाइलमध्ये मावणारी सगळ्यात मोठी पातळी.

रेकॉर्डिंग संपलं की ती फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करा आणि रीड-ओन्ली करून टाका. तिच्यावर परत कधी काम करायचं नाही. अजिबात. मी फोल्डरचं नावच "हात लावू नको" ठेवलंय.

एडिटिंग कॉपीवर, आणि ते प्रोजेक्ट म्हणून सेव्ह करत राहा. इथे सेव्ह आणि एक्सपोर्ट हे दोन वेगळे शब्द का आहेत ते समजून घ्या. सेव्ह प्रोजेक्ट म्हणजे ऑडॅसिटी आतल्या आत आवाज पूर्ण दर्जात ठेवते, महिनाभर रोज सेव्ह करा, काही बिघडत नाही. एक्सपोर्ट म्हणजे बाहेर द्यायची फाइल बनवणं, आणि तिथे तुम्ही लॉसी निवडलंत तरच माल जातो. सगळं झालं की आधी एक मास्टर एक्सपोर्ट करा, फ्लॅक किंवा वेव्ह. मग ज्याला जी लागेल ती लॉसी कॉपी त्या मास्टरमधून काढून द्या. कोणाला छोटी हवी, मास्टरमधून. कोणाला एएसी हवी, तीही मास्टरमधूनच, आधी केलेल्या एमपीथ्रीतून नाही. सगळी मुलं एकाच आईची, नातवंड कोणी नको.

किती बिटरेट घ्यायचा हे फार डोक्याला लावून घेऊ नका. संगीताला एमपीथ्री असेल तर लेमचं व्ही-शून्य किंवा व्ही-दोन, हे व्हेरिएबल असतात, जिथे गरज तिथे बिट जास्त खर्च करतात आणि सरासरी साधारण २४५ आणि १९० च्या आसपास येते. ओपस असेल तर १२८ ला मस्त वाजतं. नुसतं बोलणं असेल तर मोनो एमपीथ्री ६४ चालते आणि ओपस तर ३२ लाही स्वच्छ. बोलण्याला स्टिरिओ ३२० करून पाठवणारे लोक मला कळत नाहीत.

अजून एक गोष्ट जी बरेच जण विसरतात. लॉसी करायच्या आधी सगळ्यात उंच टोक शून्यावर नेऊ नका, उणे १ डेसिबलवर ठेवा. कारण आकडे ढोबळ झाले की लाटेचा आकार किंचित बदलतो आणि शून्याला टेकलेलं टोक डिकोड होताना शून्याच्या वर जातं, मग ते कापलं जाऊन कर्रर्र असा आवाज येतो. युरोपातल्या प्रसारणवाल्यांच्या आर १२८ ह्या शिफारशीतही वरची मर्यादा उणे १ डेसिबल ट्रू पीकच आहे, त्यांनी काही उगाच लिहिलेलं नाही.

आणि हातात फक्त एमपीथ्रीच असेल तर

हा खरा प्रश्न, कारण बहुतेक वेळा असंच असतं.

पहिलं बघा की एन्कोड न करता काम होतंय का. नुसतं कापायचं असेल तर एमपीथ्री डायरेक्टकटसारखे प्रोग्रॅम फ्रेमच्या रेषेवर कापतात, बाकीच्या फ्रेम जशाच्या तशा उचलून ठेवतात, नवीन एन्कोडिंग शून्य. २६ मिलिसेकंदांच्या पावलांनीच कापता येतं आणि जोडाच्या जागी कधी बारीक टक ऐकू येतो, कारण एमपीथ्रीच्या फ्रेम एकमेकींकडून बिट उसने घेतात, पण शांत जागी कापलं तर कळतही नाही. आवाज वाढवायचा असेल तर एमपीथ्रीगेन, तो प्रत्येक फ्रेममधला आवाजाच्या पातळीचा आकडा फक्त बदलतो, दीड दीड डेसिबलच्या पायरीने, आणि नको असेल तर परत उतरवता येतो. व्हिडिओतून आवाज वेगळा काढायचा असेल तर एमपीथ्रीत कन्व्हर्ट करू नका, आत बहुतेक एएसी असतो, एफएफएमपेग ह्या कमांडने चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कोडेकच्या जागी कॉपी असं सांगितलं की तो आहे तसा बाहेर येतो, आणि कामही दोन सेकंदांत होतं.

ह्याने भागत नसेल, खरंच एडिट करावं लागणार असेल, तर सगळी कामं एका बैठकीत, एका प्रोजेक्टमध्ये करा आणि मधल्या टप्प्यावर फ्लॅक ठेवा. फ्लॅक केल्याने सुधारणार काही नाही, फक्त आणखी घसरणार नाही. शेवटी लॉसी द्यायचीच असेल तर मूळपेक्षा वरचा बिटरेट द्या, १२८ वरून आलात तर १९२ किंवा जास्त. म्हणजे मी आत्ताच वर म्हणालो की वाढवून फायदा नाही, ते खरंच आहे, पण इथे वाढवायचं ते सुधारायला नाही तर दुसऱ्या फेरीचं नुकसान कमी राहावं म्हणून.

आणि आता ती सतरंजी. एमपीथ्रीने खरखर मोठ्या आवाजाच्या आड लपवली ती ह्या भरवशावर की तुम्ही ते तसंच ऐकणार. तुम्ही ईक्यूने ट्रेबल वाढवलात, की सतरंजी उचललीत. वेग कमी केलात, की प्री-एको ताणून लांब झाला. डावा-उजवा वजा करून गाण्यातला गायक काढायला गेलात, की ज्याच्या आड सगळं लपलं होतं तोच मधून गेला आणि मागे उरली खळखळ. नॉइज रिडक्शनचं तर विचारूच नका, ते पंख्याच्या सलग घुंईईला ओळखून काढतं पण एमपीथ्रीने त्या घुंईचे आधीच लचके तोडलेले असतात, दर २६ मिलिसेकंदाला वेगळे, मग काढता काढता जे सुटतं ते चिवचिव करत राहतं. म्हणून लॉसी फाइलवर असे इफेक्ट लावायचेच असतील तर अगदी हलक्या हाताने.

न सांगता होणाऱ्या फेऱ्या

तुम्ही एकदाच एन्कोड केलं तरी वाटेत बाकीचे करत असतात. व्हिडिओ एडिटर एक्सपोर्ट करताना आवाजही परत एन्कोड करतो. मेसेजिंग अ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलंत तर अ‍ॅप परत आवळतं, तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला की फाइल जशीच्या तशी जाते. व्हिडिओ साइटवर चढवलंत तर ती तिच्या पद्धतीने नव्याने एन्कोड करणारच, म्हणून तिला मास्टरपासून बनवलेला, जमेल तितका भारी आवाज द्या, तिथे साइज वाचवून काही मिळत नाही. आणि ब्लूटूथ हेडफोन, तिथेही आवाज हवेतून जाताना एसबीसी किंवा एएसीमध्ये परत आवळला जातो, त्याने तुमची फाइल बिघडत नाही पण क्वालिटी तपासायची असेल तर वायरचाच हेडफोन लावा, नाहीतर शिव्या भलत्यालाच पडतील. मी कुठल्याही फाइलबद्दल तक्रार आली की आधी बोटावर मोजतो, रेकॉर्डिंग ते कान ह्यात एकूण किती लॉसी फेऱ्या झाल्या. तीनच्या पुढे गेलं की पुढचं काही विचारतच नाही.

लॉसलेस फाइल ठेवून द्यायच्या असतील तर फ्लॅकचा आणखी एक फायदा, ती आत मूळ आवाजाची एमडीफाइव्ह सही, म्हणजे डेटावरून काढलेला ठसा, ठेवते, वर्षांनी डिस्कवर शंका आली तर टेस्ट कमांड चालवून कळतं की एकही बिट हललाय का. साध्या वेव्हमध्ये ही सोय नाही, शिवाय साधी वेव्ह ४ जीबीच्या वर जात नाही, लांब कार्यक्रम रेकॉर्ड करणाऱ्यांनी हे बघून ठेवा.

आजीच्या फाइलचं पुढे असं झालं की पहिल्याच दिवशी ती मी बहिणीला डॉक्युमेंट म्हणून पाठवली होती, खाटखुट कापायच्याही आधी, आणि तिने ती डाउनलोड करून ठेवली होती. तीच परत मागवली. १२८ चीच, पण एकच फेरी झालेली. सुरुवात आणि खोकला डायरेक्टकटने काढला, आवाज एमपीथ्रीगेनने तीन डेसिबल वाढवला. पंख्याला हात लावला नाही, तो ऐकू येतो, आजीपण येते.